खारट पाणी, आंबट पाणी आणि लोणारची वजाबाकी

तीन ठिकाणचं पाणी घ्या. एक मुंबईच्या समुद्राचं, एक तिकडे इस्रायल आणि जॉर्डनच्या मधल्या मृत समुद्राचं, आणि तिसरं आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं. आता कुणालाही विचारा की यातलं सगळ्यात जास्त अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूचं, कुठलं, तर बहुतेक जण सांगतील मृत समुद्राचं, कारण ते सगळ्यात खारट, माणूस बुडत नाही वगैरे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पीएच ८.१ च्या आसपास (७ म्हणजे मधोमध, वर अल्कलाइन, खाली आम्ल). मृत समुद्रात लिटरमागे जवळजवळ ३४० ग्रॅम म्हणजे समुद्राच्या दहापट आणि तरी पीएच ६ च्या आसपास, म्हणजे चक्क थोडंसं आम्लाकडे झुकलेलं. आणि लोणारचं पाणी अलीकडच्या बऱ्याच मोजण्यांमध्ये समुद्रापेक्षाही कमी खारट भरलंय, पण पीएच बघाल तर साडेनऊ ते साडेदहा.

म्हणजे सगळ्यात खारट पाणी सगळ्यात कमी अल्कलाइन, आणि सगळ्यात कमी खारट पाणी सगळ्यात जास्त. हे पहिल्यांदा कळलं की डोकं जरा गरगरतं.

हे लिहायचं कारण म्हणजे घरात रसायनशास्त्र शिकलेली मी एकटीच, त्यामुळे नात्यातले सगळे लोक बोअरच्या पाण्याचे आणि मातीचे रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि प्रश्न ठरलेला असतो, टीडीएस चौदाशे आलाय म्हणजे पाणी अल्कलाइन आहे ना? नाही हो. टीडीएस म्हणजे पाण्यात एकूण किती विरघळलंय, पीएच म्हणजे त्या पाण्याचा कल आम्लाकडे आहे का अल्कलीकडे. पहिल्या आकड्यावरून दुसरा काढता येत नाही. किती क्षार आहेत यापेक्षा कुठले क्षार आहेत हे बघावं लागतं, आणि खरं तर तेवढंही पुरत नाही, एक वजाबाकी करावी लागते. त्या वजाबाकीकडे येतेच, पण आधी थोडं मागे जाऊ.

शुद्ध पाणी म्हणतो त्यात सुद्धा काही रेणू सतत तुटत आणि परत जुळत असतात. तुटले की एक एच प्लस (धन भाराचा हायड्रोजन, आम्लपणा याचाच) आणि एक ओएच मायनस (ऋण भाराचा, अल्कलीपणा याचा) तयार होतो. २५ अंश तापमानाला एका लिटरमध्ये एच प्लस किती, तर एका मोलचा (मोल म्हणजे रसायनशास्त्रात कण मोजायचं माप) एक कोटीवा भाग. एक कोटी म्हणजे एकावर सात शून्यं, त्या सातालाच पीएच ७ म्हणायचं. ही पद्धत सोरेन्सन नावाच्या डॅनिश माणसाने १९०९ मध्ये काढली, तो कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत होता, हो तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. पीएच एकाने कमी झाला की एच प्लस दहापट वाढले. त्यामुळे लोणारचा १० आणि मृत समुद्राचा ६ यात फरक चारचा दिसतो पण तो दहा हजार पटींचा आहे. शेतीच्या रिपोर्टमध्ये यालाच सामू लिहितात, तर मी पण खाली कधी पीएच कधी सामू लिहीन, एकच समजा.

आता या पाण्यात मीठ टाकलं. मीठ विरघळून सोडियम आणि क्लोराइड वेगळे झाले. क्लोराइड हा हायड्रोक्लोरिक आम्लातून आलेला, आणि ते आम्ल इतकं तीव्र की पाण्यात पडल्या पडल्या त्याने आपला एच प्लस सोडून दिलेला असतो, मग क्लोराइड तो पाण्याकडून कशाला परत घेईल? सोडियमलाही ओएच धरून ठेवण्यात रस नाही. दोघंही नुसते तरंगतात, पाण्याच्या त्या तुटण्या-जुळण्यात नाक खुपसत नाहीत. सामू ७ च्या ७.

धुण्याचा सोडा टाकला की मात्र चित्र बदलतं. सोडियम तोच, पण जोडीला कार्बोनेट आहे, आणि कार्बोनेट ज्या आम्लातून येतं ते कार्बोनिक आम्ल अगदीच सौम्य, म्हणजे त्याला एच प्लस सोडायला आवडत नाही. मग हे कार्बोनेट पाण्याच्या रेणूकडूनच एच ओढून घेतं आणि मागे ओएच उरतो. लिटरमध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम निर्जल सोडा टाकला तर सामू साडेअकराच्या वर जातो. तेवढंच मीठ टाका, काही होत नाही. एकाच वजनाचे दोन पांढरे क्षार, दोन्हीत सोडियम, टीडीएस मीटरवर दोन्ही हजारांत दिसणार, आणि एक हाताला बुळबुळीत लागतो, दुसरा नाही.

खायचा सोडा मला या सगळ्यात फार मजेशीर वाटतो. त्यातलं बायकार्बोनेट एच प्लस घेऊही शकतं आणि देऊही शकतं, त्यामुळे ते मधेच कुठेतरी स्थिरावतं, ८.३ च्या आसपास. चमचाभर टाका नाहीतर पाच चमचे टाका, सामू फारसा हलत नाही, तिथेच घुटमळतो. पण तेच पाणी उकळा, मग कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होत जातं आणि सामू वर चढायला लागतो. लोणारमध्ये पुढे हेच होणार आहे, फक्त गॅस न पेटवता, म्हणून लक्षात ठेवा.

उलट्या बाजूचे क्षार पण घरातलेच आहेत. नवसागर घ्या, म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात चिमूटभर टाकायचा आणि भस्सकन पांढरा धूर यायचा तो. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते आणि मग कथील नीट पसरतं. पण न तापवता नुसता पाण्यात विरघळवला तरी तो थोडा आम्लधर्मी असतो, कारण यातलं क्लोराइड गप्प बसतं पण अमोनियम हळूहळू एच प्लस सोडतं. लिटरमध्ये पाच-साडेपाच ग्रॅम टाकला तर सामू पाचच्या जवळ येतो. (हा आणि धुण्याचा सोडा एकत्र ओला करून बघायची हौस कुणाला आली तर खिडकी उघडून करा, अमोनियाचा भपका येतो, डोळ्यातून पाणी काढतो.)

आणि तुरटी. दाढीनंतर लावायची ती, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवायची ती. तुरटीत आम्ल असं काही नसतं, कागदावर तो एक सरळ साधा क्षार आहे, पोटॅशियम, अॅल्युमिनियम, सल्फेट. तरी पाण्यात टाकली की सामू ३ ते ४ च्या मधे. शाळेतल्या नियमाने सांगायचं तर तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारीपासून झालेला क्षार, म्हणून आम्लधर्मी, विषय संपला. पण नियमाच्या आत काय चाललंय ते जास्त छान आहे. अॅल्युमिनियमचा आयन (म्हणजे विजेचा भार असलेला कण) आकाराने छोटा आणि त्याच्यावर प्लस तीन भार, म्हणजे लहानशा जागेत मोठी ओढ. तो पाण्याचे सहा रेणू स्वतःभोवती घट्ट धरतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे इतके खेचतो की त्या पाण्याच्या रेणूंची आपल्याच एच वरची पकड ढिली होते. तो एच सुटून जातो. म्हणजे इथे आम्ल तुरटीने आणलेलं नाही, तुरटीने पाण्यातूनच ते काढलंय. लोखंडाचा प्लस तीन आयन तर अजून जोरात ओढतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांनी पीसीबीवरचं, म्हणजे सर्किटच्या बोर्डावरचं तांबं कोरायला फेरिक क्लोराइड वापरलं असेल त्यांना माहीत असेल, ते पिवळं-तपकिरी पाणी २ च्याही खाली असतं, कपड्यावर पडलं तर कपडा गेला.

तुरटीने पाणी निवळतं ते सुद्धा याच भानगडीतून. एच सुटत सुटत शेवटी अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा जेलीसारखा कापूस तयार होतो, त्यात माती अडकते आणि खाली बसते. आणि सुटलेले एच प्लस कुठे जातात? पाण्यात आधीच असलेलं बायकार्बोनेट ते गिळतं. म्हणून आपल्या पठारावरच्या नदीच्या पाण्यात तुरटी फिरवली तरी पाणी आंबट होत नाही. जलशुद्धीकरण केंद्रात याचा हिशोबच असतो, एक मिलिग्रॅम तुरटी (तिथली तुरटी म्हणजे बहुतेक अॅल्युमिनियम सल्फेट) साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे हे आम्ल गिळणारं बायकार्बोनेट, खाते, आणि मूळ पाणी फारच मऊ असेल, बायकार्बोनेट कमी असेल, तर वरून चुना टाकावा लागतो, नाहीतर सामू घसरतो आणि कापूसही नीट बनत नाही.

घरी बघायचं असेल तर गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाका. ते निळं पाणी तीन वाट्यांत ओता. मिठाच्या वाटीत निळंच राहतं, तुरटीच्या वाटीत जांभळट होतं, धुण्याच्या सोड्यात हिरवं. हळदीचं पाणी सगळ्यांना माहीत आहे पण हळद फक्त अल्कली पकडते, लाल होते, आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळीच राहते, त्यामुळे तुरटीची गंमत हळदीला कळत नाही. पापडखार असेल घरात तर तोही टाकून बघा, हळद लगेच लाल, कारण तो मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट-बायकार्बोनेटच. आणि या पापडखाराची गोष्ट थेट लोणारला जाऊन पोचते.

लोणारबद्दल उल्का, विवर, मंदिरं हे सगळं खूप लिहिलं गेलंय त्यामुळे ते थोडक्यात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, वय आधी ५० हजार वर्षं म्हणायचे, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत पावणेसहा लाखांच्या आसपास निघालं. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं. माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. विवराच्या कडेवर धार आहे, गोमुखातून बारमाही पडणारं पाणी, लोक तिथे आंघोळ करतात, ते पाणी गोड आहे. तेच गोड पाणी, अजून काही झरे आणि पाऊस, हे सगळं उतारावरून खाली सरोवरात जातं आणि तिथे गेल्यावर त्याचा सामू १० होतो. बाहेर जायला वाटच नाही. ना नदी, ना नाला, फक्त वर उन्हात उडून जाणं.

आता हे का होतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मातीतून जाताना अजून मिळतो, आणि हे किंचित आम्लधर्मी पाणी बेसॉल्टला हळूहळू खातं. खाताना काळ्या पाषाणातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम बाहेर येतात आणि जोडीला बायकार्बोनेट तयार होतं. विदर्भातल्या कुठल्याही विहिरीच्या पाण्याची साधारण हीच रेसिपी आहे, त्यात खास काही नाही. असं पाणी बंद भांड्यात आटायला लागलं की सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, तेच आपल्या गिझरमध्ये आणि चहाच्या पातेल्यात पांढरा थर होऊन बसतं. एक कॅल्शियम जाताना आपल्यासोबत एक कार्बोनेट घेऊन जातं. मॅग्नेशियमही थोड्या वेगळ्या वाटेने हेच करतं. दोन्ही एकमेकांना संपवत जातात.

मग प्रश्न उरतो की आधी कोण संपणार.

समजा सुरुवातीच्या पाण्यात बायकार्बोनेट ५ होतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ४, एकाच मापात धरलेलं. चार गेले चारांत, बायकार्बोनेट १ उरलं. हे पाणी आटून शंभराचं एक लिटर झालं तर त्या उरलेल्या १ चे १०० झाले, आणि आता त्याला अडवायला कॅल्शियम शिल्लकच नाही. ते वाढतच जाणार, त्यातून कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जाणार, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होणार (खायचा सोडा उकळल्यासारखं), वर सरोवरातलं हिरवं शेवाळ वाढताना अजून कार्बन डायऑक्साइड ओढून घेणार, आणि सामू चढत चढत १० ला जाणार. हे झालं लोणार. आता आकडे उलटे करा, बायकार्बोनेट ४ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम ५. इथे बायकार्बोनेट संपलं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम उरलं. आता कितीही आटवा, वर्षानुवर्षं आटवा, सामू वर जायला लागणारी वस्तूच पाण्यात नाही. ते पाणी खारट होत जाईल, भयंकर खारट होईल, पण अल्कलाइन होणार नाही, उलट मॅग्नेशियमसारखे आयन पाण्याला थोडंफार तुरटीसारखंच ओढायला लागतात. हे मृत समुद्राच्या वाटेचं पाणी.

सुरुवातीला फरक किती होता, तर एकाचा. पुढे एकीकडे सामू १० आणि दुसरीकडे ६. लॉरेन्स हार्डी आणि हान्स ऑयगस्टर या दोन भूशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये बंद खोऱ्यातल्या पाण्याचा हा हिशोब नीट मांडला होता आणि मला तो रसायनशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर हिशोबांपैकी एक वाटतो, कारण त्यात कॅलक्युलस नाही, काही नाही, चौथीच्या पोराला येईल अशी वजाबाकी आहे आणि त्यावरून सबंध सरोवराची कुंडली सांगता येते. समुद्राचं पाणीही यात घालून बघा. समुद्रात कॅल्शियम बायकार्बोनेटच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून उरण-पालघरकडच्या मिठागरात पाणी आटवलं की आधी थोडी चुनखडी, मग जिप्सम, मग मीठ पडतं, शेवटी मॅग्नेशियमचं कडवट पाणी उरतं, पण सोडा कधीच मिळत नाही. मिठापासून सोडा हवा तर कारखाना टाकावा लागतो, गुजरातेत मीठापूरला टाटा केमिकल्सचा आहे तसा, जिथे मिठाचं पाणी, चुनखडी आणि अमोनिया वापरून हा न-आंबट न-तुरट क्षार अल्कलाइन क्षारात बदलतात. लोणारला ते काम उन्हाने आणि बेसॉल्टने फुकटात केलेलं.

आणि लोकांनी ते वापरलंही. आईन-ए-अकबरीत या भागाच्या वर्णनात काच आणि साबण बनवायला लागणाऱ्या वस्तू इथे मिळतात असं आहे, म्हणजे सोळाव्या शतकातच धंदा चालू होता. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठावर क्षार जमायचा, तो गोळा करून त्याच्या प्रतवाऱ्या लावायचे, दल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांची नावं ब्रिटिशांच्या नोंदींमध्ये आहेत. काहीत सोडा जास्त, काहीत मीठ जास्त. कुणालाही पीएच माहीत नसताना लोकांनी चवीने, हाताने आणि कामाने त्यांना वेगळं केलेलं, कुठला साबणाला, कुठला कापड रंगवायला, कुठला पापडाला. ही नजर मला कुठल्याही मीटरपेक्षा भारी वाटते.

जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवत असेल, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांच्या स्टेटसला तेच होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि ते हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे झालं असं सांगितलं. पाणी कमी झालं, खारटपणा आणि सामू दोन्ही वाढले, त्या जिवांना मोकळं रान मिळालं. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग गेला.

आता हे सगळं सरोवरांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण तीच वजाबाकी तुमच्या बोअरच्या रिपोर्टमध्ये बसलेली आहे. सिंचनाच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये आरएससी म्हणून एक ओळ असते, रेसिड्युअल सोडियम कार्बोनेट, बहुतेक लोक ती वाचतच नाहीत, सामू आणि ईसी (पाणी किती वीज वाहून नेतं, म्हणजेच एकूण क्षारांचा अंदाज) बघितला की कागद घडी करून ठेवतात. आरएससी म्हणजे कार्बोनेट अधिक बायकार्बोनेट, त्यातून कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम वजा. बस, लोणारचाच हिशोब. उत्तर १.२५ च्या आत असेल तर पाणी बिनधास्त द्या, १.२५ ते २.५ असेल तर जपून, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी काळ्या जमिनीला नको. कारण तुमचं शेत हेही एक छोटं आटणारं सरोवरच आहे, पाणी दिलं, ऊन पडलं, पाणी उडालं, उरलेलं सगळं मातीत. आज बोअरच्या पाण्याचा सामू ७.८ आहे म्हणून खूश होऊ नका, तो आटायच्या आधीचा आकडा आहे.

अशा पाण्याने काही वर्षांत जमीन चोपण होते. कॅल्शियम चुनखडी होऊन बसलं, सोडियम मोकळं राहिलं, ते चिकणमातीच्या कणांना चिकटलं, आणि माती ओली असताना चिखल, वाळली की दगड. वरून पाणी मुरत नाही, सामू साडेआठच्या वर, कधी नऊच्याही वर. याउलट क्षारयुक्त जमीन असते तिथे वर पांढरा थर दिसतो, ईसी ४ च्या वर असते, पण सामू साडेआठच्या आतच असतो कारण तिथले क्षार जास्त करून क्लोराइड आणि सल्फेट. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा जो खारपाणपट्टा आहे तिथे या दोन्ही भानगडी एकमेकींत मिसळलेल्या सापडतात आणि लोक सगळ्यालाच खारवट जमीन म्हणून मोकळे होतात, पण उपाय वेगळे आहेत. नुसते क्षार असतील तर चांगलं पाणी देऊन खाली धुवून काढा. चोपण असेल तर नुसतं धुतल्याने अजून बिघडते.

चोपण जमिनीला जिप्सम देतात, म्हणजे अजून एक क्षार टाकतात, आणि सामू खाली येतो! एका काकांना हे पटतच नव्हतं, आधीच क्षार जास्त झालेत त्यात अजून क्षार कशाला. पण जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ते जे काम सुरुवातीला अर्धवट राहिलं होतं ते पूर्ण करतं. त्यातलं कॅल्शियम उरलेल्या कार्बोनेटला घेऊन चुनखडी होऊन बसतं, मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा पण घेतं, आणि मागे सोडियम सल्फेट राहतं ज्याचा सामूवर जवळपास काही परिणाम नाही आणि जे पाण्याबरोबर धुऊन जातं. वजाबाकीत खालची बाजू मुद्दाम वाढवायची, एवढंच. फक्त धुऊन जायला वाट पाहिजे. शेताला चर नसेल तर जिप्समचे पैसे वाया, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी आधी जिप्सम येतं आणि चराचं पुढच्या वर्षी बघू असं ठरतं.

इथपर्यंत मी मिठाला अगदी साधाभोळा ठरवून टाकलंय, काही करत नाही म्हणून. ते शंभर टक्के खरं नाही. शुद्ध पाण्यात मीठ काही करत नाही, पण पाण्यात आधीपासून दुसरं काही असेल तर मीठ त्याच्यावर परिणाम करतं. पाण्यात आयनांची गर्दी झाली की प्लस आणि मायनस एकमेकांना पूर्वीसारखे थेट दिसत नाहीत, मधे बाकीचे उभे असतात, त्यामुळे सौम्य आम्लं थोडी जास्त तुटतात आणि सामू जरासा सरकतो. फार नाही, दशांशात. खूप जास्त मीठ आणि तीव्र आम्ल असेल तर मीटरवर सामू अजून खाली दिसतो, कारण पाण्याचे बरेचसे रेणू मिठाच्या आयनांभोवती अडकलेले असतात आणि एच प्लस जास्त जोरात वागतो. मातीत तर हे फारच ठळक दिसतं. एकाच मातीचा सामू साध्या पाण्यात कालवून मोजा आणि पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात कालवून मोजा, दुसरा बहुतेक वेळा अर्ध्या ते एक अंकाने कमी येतो. पोटॅशियम क्लोराइड स्वतः मिठासारखंच उदासीन आहे, पण त्यातलं पोटॅशियम मातीच्या कणांवर बसलेल्या एच प्लस आणि अॅल्युमिनियमला उठवून स्वतः तिथे बसतं, आणि उठलेले सगळे पाण्यात येतात. आपल्याकडच्या लॅब साधारण एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेतात. म्हणून परदेशातल्या एखाद्या चार्टवरून आपल्या मातीचा सामू जुळवत बसू नका, त्यांनी कशात कालवलंय ते आधी बघा.

आता आरओचं पाणी, कारण कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच. आरओने क्षार काढले म्हणजे पाणी आम्लधर्मी होतं का? क्षार काढल्याने आम्ल तयार होत नाही. पण बायकार्बोनेट गेलं म्हणजे एच प्लस गिळणारं कुणी राहिलं नाही, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या पडद्यातून आरामात आरपार जातो. अगदी शुद्ध पाणी नुसतं हवेत उघडं ठेवलं तरी ५.६ च्या आसपास येतं, पावसाचंही तसंच. म्हणून आरओचं पाणी ६-साडेसहा दाखवतं आणि मग विक्रेता घाबरवून अल्कलाइन कार्ट्रिज विकतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ६.५ ते ८.५ सांगितलंय हे खरं, पण आरओच्या पाण्यात आम्ल म्हणून जे आहे ते इतकं नगण्य आहे की अर्ध्या लिंबात त्याच्या हजारो पट जास्त असेल. सामूचा आकडा वेगळा आणि तो आकडा बदलायला किती ताकद लागते ते वेगळं. आरओच्या ग्लासात चिमूटभर खायचा सोडा टाका, सामू टुणकन उडी मारून वर येईल. लोणारच्या ग्लासात लिंबाचे दोन-चार थेंब पिळले तरी सामू जवळपास जागचा हलणार नाही.

आणि म्हणूनच घरच्या स्वस्त पेनसारख्या पीएच मीटरने आरओचं पाणी मोजणं म्हणजे डोक्याला ताप आहे. आकडा स्थिर होतच नाही, ६.१, ६.४, ५.९, मधेच ७, लोक मीटर बदलून आणतात. दोष मीटरचाच असेल असं नाही, त्या पाण्यातून वीज जायला पुरेसे आयनच नसतात, काचेच्या इलेक्ट्रोडला पकडायला काही मिळत नाही. लॅबमध्ये अशा वेळी नमुन्यात शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचं थोडं तीव्र द्रावण घालतात आणि मग आकडा बसतो. मुद्दाम तोच क्षार घालतात कारण त्याने सामू जवळपास हलत नाही. तिथे खायचा सोडा घातला असता तर आकडा मस्त स्थिर आला असता, फक्त तो सोड्याचा असता.